खुलासा सादर करावा

"वरिष्ठांच्या लेखी आदेशाचे अनुपालन करण्यास आपण हेतुपुरस्सर टाळाटाळ केली असून त्यायोगे कार्यालयाच्या मालमत्तेस व अभिलेखास गंभीर धोका निर्माण केला आहे, सबब आपणाविरुद्ध शिस्तभंगविषयक कार्यवाही का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा हे ज्ञापन मिळाल्यापासून तीन दिवसांच्या आत सादर करावा." हे वाक्य 2001 सालच्या मे महिन्याच्या अखेरीस माझ्या टेबलावर आले, आणि निवृत्त होऊन इतकी वर्षे लोटली तरी ते मला शब्दशः पाठ आहे. ज्या अपराधासाठी ते लिहिले गेले तो अपराध एवढाच होता, की जगाच्या कोणत्या कोपऱ्यात कोणी लिहिले याचा पत्ता नसलेल्या, खाली सही नसलेल्या एका इंग्रजी पत्रावर विसंबून संगणकातील एक निरुपद्रवी फाइल पुसून टाकण्यास मी तयार झाले नाही.

पार्श्वभूमी सांगण्यासारखी फारशी नाही. जिल्ह्याच्या गावी एका निमसरकारी संस्थेच्या मुख्य कचेरीत मी सांख्यिकी सहायक होते. संगणकाचा अभ्यासक्रम पदरमोड करून पुरा केलेला असल्यामुळे कचेरीत पहिली यंत्रे आली तेव्हा त्यांची जबाबदारी आपसूक माझ्याकडे आली, आणि पूर्वी जुन्या दप्तरांचे गठ्ठे जिथे रचलेले असत त्या खोलीला 'संगणक कक्ष' अशी पाटी लागून माझे टेबल तिकडे हलले. आठ यंत्रे होती, सर्वांवर विंडोज 98 होते, आणि त्यांपैकी एकालाच टेलिफोनची तार लावून इंटरनेटची जोडणी घेतलेली होती. पगारपत्रके, भविष्य निर्वाह निधीचे हिशेब आणि तालुक्यांकडून येणारी मासिक विवरणे, एवढे काम त्यांवर चाले.

ते पत्र साहेबांच्या अमेरिकेतील मेहुण्यांनी, आणि हे मी मुद्दाम सांगते, निखळ काळजीपोटी पाठवले होते. साहेबांनी ते छापून घेतले, समासात हिरव्या शाईने शेरा मारला, "संगणक कक्ष. तात्काळ. सर्व यंत्रांवर कार्यवाही करून अनुपालन सादर करावे. तालुका कार्यालयांस परिपत्रक," आणि शिपायाकरवी माझ्याकडे धाडले. पत्रात लिहिले होते ते असे, की एसयूएलएफएनबीके.ईएक्सई या नावाची एक फाइल तुमच्या संगणकात शिरलेली असण्याचा संभव आहे. ती भयंकर व्हायरस आहे. कोणत्याही अँटीव्हायरसला ती ओळखू येत नाही. 1 जूनला ती जागी होईल आणि हार्ड डिस्कवरील सर्व काही नष्ट करील. म्हणून 'फाइंड'मध्ये जाऊन ती शोधा, सापडल्यास उघडू नका, पुसून टाका, रीसायकल बिनमधूनही काढा, आणि ज्यांना ज्यांना तुम्ही अलीकडे पत्रे पाठवली असतील त्या सर्वांना हा मजकूर कळवा. ज्याने कोणी हे रचले त्याच्या बुद्धीचे मला आजही भय वाटते, कारण त्या संपूर्ण मजकुरात खरी गोष्ट एकच होती, ती म्हणजे फाइल तिथे असणे; आणि ती एक खरी गोष्ट वाचणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला लावून बाकीचे सर्व असत्य तिच्या आधाराने त्याच्या गळी उतरवण्याची योजना त्यात होती. माणूस शोधतो, फाइल सापडते, छातीत धस्स होते, आणि त्या क्षणानंतर दुसरे काही विचारण्याची त्याला इच्छाच राहत नाही.

मला ती आठही यंत्रांवर सापडली, आणि तिथेच मला पहिली शंका आली. आठांपैकी सात यंत्रांना तार कधीच लागलेली नव्हती. त्यांतले एक तर नुकतेच खोक्यातून निघाले होते आणि पुरवठादाराच्या माणसाने त्यावर विंडोज चढवून दिल्यापलीकडे त्याला कोणाचा हातही लागला नव्हता. बाहेरून येणारी बाधा अशा यंत्रात कोणत्या वाटेने यावी? मग मी त्या फाइलची तारीख पाहिली. 23 एप्रिल 1999, रात्रीचे 10 वाजून 22 मिनिटे. ती ज्या 'कमांड' नावाच्या फोल्डरात होती त्यातील शेजारच्या सर्व फाइलींवर हीच तारीख आणि मिनिटापर्यंत हीच वेळ होती. कपाटातून विंडोजची मूळ सीडी काढून तिच्यातून तीच फाइल मी एका फ्लॉपीवर उतरवून घेतली, आणि दोन फाइली ताडून पाहण्याचा 'एफसी' हा जो छोटा प्रोग्राम त्याच फोल्डरात असतो त्याने दोन्ही तपासल्या. एका बाइटचाही फरक निघाला नाही. लांबलचक नावांच्या फाइलींची नावे काही कारणाने तुटली तर ती पूर्ववत करण्याचे एक किरकोळ साधन म्हणून मायक्रोसॉफ्टनेच ती फाइल विंडोजबरोबर दिलेली होती. सामान्य माणसाला तिची गरज सहसा पडत नाही, म्हणून ती कोणाला ठाऊक नव्हती. जे कोणाला ठाऊक नाही त्याच्यावर वाटेल तो आरोप करता येतो, हे त्या पत्राच्या कर्त्याने बरोबर हेरले होते.

हे सर्व मी रीतसर टिपणीत लिहिले, ताडून पाहिल्याचा निकाल छापून सोबत जोडला, आणि "सदर फाइल मूळ प्रणालीचा भाग असल्याने ती काढण्याची आवश्यकता दिसत नाही, परिपत्रक निर्गमित करू नये, ही विनंती" असे म्हणून नस्ती वर पाठवली. साहेबांनी बोलावून घेतले. ते रागावलेले नव्हते. त्यांनी टिपणी वाचली होती आणि तिच्यातील एकही विधान त्यांनी खोडून काढले नाही.

"मॅडम, तुमचं म्हणणं बरोबर असेलही," ते म्हणाले, "पण फाइल काढली आणि ती चांगली निघाली, तर काय बिघडेल?"

"विशेष काही नाही, साहेब."

"आणि ठेवली, आणि एक तारखेला सगळं उडालं, तर जबाबदार कोण?"

या प्रश्नाला कचेरीत उत्तर नसते. मी म्हटले की जबाबदारी मी लिहून देते. ते म्हणाले की तुमच्या लिहून देण्याने पगारपत्रके परत येणार नाहीत. मग त्यांनी घंटी वाजवली आणि कंत्राटी पद्धतीवर घेतलेल्या टंकलेखक मुलाला सर्व यंत्रांवरची फाइल काढण्यास सांगितले. त्या मुलाने सात यंत्रांवरून ती काढली. आठवे माझे होते, त्याचे कुलूप माझ्याजवळ होते, आणि टिपणीवर लेखी निर्णय होईपर्यंत ते मी उघडून देणार नाही असे मी त्याला सांगितले. परिपत्रकाचा मसुदा दुसऱ्या टेबलाने केला, जावक क्रमांक पडला आणि ते त्याच दिवशी तालुक्यांना रवाना झाले. ज्ञापन दुसऱ्या दिवशी सकाळी आले.

खुलासा मी दिला. त्यात नवे काही नव्हते, टिपणीत होते तेच होते. फक्त एक वाक्य जास्तीचे होते, की वरिष्ठांचा आदेश मला शिरोधार्य आहे, परंतु प्रस्तुत प्रकरणी मूळ आदेश वरिष्ठांचा नसून एका अज्ञात इसमाचा आहे आणि वरिष्ठांनी तो केवळ पुढे पाठवला आहे. माझ्या मुख्य लिपिकांनी ते वाक्य गाळण्याचा सल्ला दिला. "ताई, हे कापा, नाहीतर हेच तुम्हांला नडेल," असे ते कळवळ्याने म्हणाले. मी ते गाळले नाही, आणि आजही गाळणार नाही, कारण त्या प्रकरणाचा सारा आशय त्या वाक्यात होता. एखाद्या परक्या माणसाने रस्त्यातून येऊन आमच्या कचेरीतील एक कागद जाळा असे फर्मावले असते, तर पट्टेवाल्याने त्याला दारातच अडवले असते. तोच माणूस आप्ताच्या पत्राआडून आला तेव्हा त्याच्या हुकमाची तामिली जिल्हाभर झाली.

1 जून 2001 हा शुक्रवार होता. त्या दिवशी सकाळी यंत्रे सुरू करताना खोलीत नेहमीपेक्षा अधिक माणसे उभी होती, हे मला चांगले आठवते. सातही यंत्रे नेहमीप्रमाणे सुरू झाली. माझे आठवे यंत्र, ज्यात ती फाइल जागच्या जागी होती, तेही सुरू झाले, दिवसभर चालले आणि संध्याकाळी बंद झाले. माझी अशी भाबडी समजूत होती, की आता वाद मिटला. ज्या यंत्रात 'व्हायरस' शाबूत होता ते यंत्र 1 जून उलटून गेल्यावरही धडधाकट आहे, याहून स्वच्छ पुरावा कोणता असणार? परंतु पुढील सोमवारच्या बैठकीत साहेबांनी सर्वांचे अभिनंदन केले. वेळीच दक्षता घेतल्यामुळे संस्थेवरचे मोठे संकट टळले, असे ते म्हणाले, आणि तसे इतिवृत्तात नोंदले गेले. माझ्या यंत्राचा उल्लेख मी केला तेव्हा एक अधिकारी म्हणाले, की तुमच्या यंत्राला तार नाही, म्हणून ते वाचले. तार बाकीच्या सहांनाही नव्हती. हे मी बोलले. इतिवृत्तात ते आले नाही.

मला विस्मय वाटतो तो या गोष्टीचा. खऱ्या संकटाची सूचना खोटी ठरू शकते, कारण ती एखाद्या घटनेशी बांधलेली असते. अशा बनावट सूचनेला मात्र कोणताही परिणाम खोटे ठरवू शकत नाही. काही झाले, तर सूचना खरी होती. काही झाले नाही, तर सूचनेमुळे वाचलो. आणि यावरही कडी झाली ती जुलैमध्ये. एका तालुका कार्यालयातील लिपिकाला ती फाइल शोधण्यात यश आले नव्हते, किंवा 'फाइंड' कसे वापरावे हेच त्याला कोणी दाखवलेले नव्हते. परिपत्रकाची मुदत संपत आलेली, वरून अनुपालनाचा तगादा, म्हणून त्या बिचाऱ्याने ती ज्या फोल्डरात असते असे त्याला फोनवर कळले तो 'कमांड' फोल्डरच समूळ पुसून टाकला आणि "कार्यवाही पूर्ण" असे कळवले. त्या फोल्डरात स्कॅनडिस्क असते. पावसाळ्यात त्या गावी वीज दिवसातून किती वेळा जाई याचा हिशेब नव्हता, आणि यंत्र असे मध्येच बंद पडले की पुन्हा सुरू होताना डिस्क तपासून झालेली मोडतोड सावरण्याचे काम स्कॅनडिस्क करते. ते उरलेच नव्हते. चुका साचत गेल्या आणि एके दिवशी त्या तालुक्याची निधीची खाती उघडेनात.

दुरुस्तीसाठी ते यंत्र माझ्याकडे आले, मी फोल्डर रिकामा पाहिला, लिपिकाला फोन केला आणि त्याने भीत भीत सर्व सांगितले. मी पुन्हा टिपणी लिहिली. तिच्यावर शेरा आला तो असा: "सदर तालुक्यात व्हायरसचा प्रादुर्भाव झाल्याचे दिसते. परिपत्रकाची अंमलबजावणी उशिरा झाली काय, याची चौकशी करावी." उपायाने केलेली हानी रोगाच्या नावे जमा झाली, आणि ज्याने निमूटपणे हुकूम पाळला त्या लिपिकालाच विलंबाबद्दल विचारणा झाली. माझ्यापुरते म्हणाल तर "खुलासा असमाधानकारक असून याद्वारे सक्त ताकीद देण्यात येत आहे" या ओळीवर प्रकरण संपले, तिची प्रत माझ्या वैयक्तिक नस्तीला लागली, आणि त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात माझी प्रतवारी घसरली. ती ताकीद कधीही मागे घेण्यात आली नाही.

इथवर लिहून झाल्यावर साहेबांविषयी वाचकाचे जे मत झाले असेल ते त्यांच्यावर अन्याय करणारे आहे, हेही सांगितले पाहिजे. ते सचोटीचे गृहस्थ होते आणि त्यांचे भय कल्पनेतले नव्हते. 26 एप्रिल 1999 या दिवशी, चेर्नोबिलच्या अपघाताच्या वार्षिक तारखेला, तैवानातील चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच हा खराखुरा व्हायरस जगभर जागा झाला, आणि आमच्या कचेरीतील पगाराचे यंत्र त्या सकाळी काळ्या पडद्यापलीकडे गेलेच नाही. तो व्हायरस हार्ड डिस्कचा आरंभीचा भाग पुसून टाकी आणि जमल्यास यंत्र सुरू करणारी बायोस ही चिपही निकामी करी. कोणीतरी आणलेल्या खेळांच्या नकली सीडीतून तो आत आला असावा असे मला वाटते. बॅकअप घेतलेला नव्हता, कारण फ्लॉप्या खरेदी करण्याची मागणी दरपत्रकांच्या फेऱ्यांत अडकून पडली होती. महिनाअखेरीचा पगार सर्वांना मिळावा म्हणून साहेब स्वतः रात्री उशिरापर्यंत आमच्याबरोबर बसून हाताने पत्रके उतरवीत होते. ज्या माणसाने ते सोसले होते त्याला "जबाबदार कोण?" हा प्रश्न पडणे स्वाभाविक होते, आणि असे मनात आले की माझा राग निवळतो. परंतु त्याच अनुभवातून फ्लॉप्यांची मागणी मंजूर व्हायला हवी होती, बॅकअपची शिस्त लागायला हवी होती. ती 2001 च्या मेपर्यंत लागली नव्हती. एका अनामिक पत्रासाठी एका दिवसात परिपत्रक निघाले, आणि फ्लॉप्यांच्या मागणीवर "निधी उपलब्धतेनुसार" असा शेरा होता. हे आठवले की निवळलेला राग पुन्हा वर येतो.

पुढे मी या विषयाचे जे मिळेल ते वाचत गेले, तेव्हा कळले की त्या पत्राला पूर्वज होते. 1994 च्या अखेरीस अमेरिकेत 'गुड टाइम्स' या नावाच्या पत्राविषयी अशीच आवई उठली होती. त्या नावाचे पत्र नुसते उघडले तरी डिस्क पुसली जाईल, प्रोसेसरसुद्धा खराब होईल, आणि हा इशारा तिथल्या दळणवळण आयोगाने दिला आहे, असे पुढे तिच्यात जोडले गेले. आयोगाने असे काही म्हटले नव्हते, आणि अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या संगणक-सुरक्षा पथकाने ती आवई खोटी असल्याचे डिसेंबर 1994 मध्येच जाहीर केले होते. तरी ती कित्येक वर्षे फिरत राहिली. आमची एसयूएलएफएनबीकेची भुमका ब्राझीलमध्ये पोर्तुगीज भाषेत सुरू झाली आणि मग इंग्रजीत आली. पुढच्याच वर्षी, 2002 मध्ये, जेडीबीजीएमजीआर.ईएक्सई या फाइलीची पाळी आली. तिच्या चिन्हावर लहान मुलांच्या अस्वलाचे चित्र असल्यामुळे लोकांना ती अधिकच संशयास्पद वाटली, आणि तीही मायक्रोसॉफ्टचीच निघाली. या सर्व पत्रांत एखाद्या मोठ्या संस्थेचे नाव, भयंकर परिणाम, "कोणालाही अजून उपाय सापडलेला नाही" हे पालुपद, आणि शेवटी "सर्वांना कळवा" ही आज्ञा असते. त्या फाइली जे करीत नव्हत्या ते काम, म्हणजे स्वतःच्या प्रती काढून घरोघर पोचवण्याचे काम, ती पत्रे माणसांकडून करवून घेत होती.

मात्र या विद्येत कोणताही नियम कायमचा धरून बसता येत नाही, हेही मला त्याच काळात शिकावे लागले. 'नुसते पत्र वाचल्याने काही होत नाही' हे 1994 साली खरे होते. नोव्हेंबर 1999 मध्ये 'बबलबॉय' नावाच्या वर्मने इंटरनेट एक्सप्लोररमधील एका दोषाचा आउटलुकच्या वाटेने फायदा घेऊन ते खोटे पाडले, आणि विंडोजची अद्ययावत दुरुस्ती न चढवलेल्या यंत्रांना पत्र उघडणेही बाधू शकते हे सिद्ध झाले. एसयूएलएफएनबीकेच्या कथेलाही एक बारीकशी खरी किनार होती. मार्च 2001 पासून फिरणारा 'मॅजिस्ट्र' हा व्हायरस ग्रस्त यंत्रातील एखादा प्रोग्राम उचलून, त्याला बाधित करून, पत्राला जोडून इतरांकडे पाठवीत असे, आणि क्वचित तो प्रोग्राम हाच असे. ज्यांना तो पत्राबरोबर आला त्यांनी तो पुसला हे योग्यच केले. स्वतःच्या जागी, मूळ तारखेसह बसलेली फाइल निर्दोष होती, आणि न मागता आलेली त्याच नावाची फाइल घातक होती. नाव दोघींचे एकच. हा भेद परिपत्रकात मावत नाही. तो पाहायला माणूस लागतो, आणि त्या माणसाला थोडा वेळ द्यावा लागतो.

आता ई-मेलची जागा व्हॉट्सअ‍ॅपने घेतली आहे. आमच्या निवृत्तांच्या गटावर "मार्टिनेली नावाचा व्हिडिओ उघडू नका, दहा सेकंदांत फोन कोरा होईल" हा संदेश मी वर्षानुवर्षे पाहते आहे, आणि तो पाठवणाऱ्यांत एके काळी साहेबांच्या परिपत्रकावर माझ्याजवळ हळहळलेले सहकारीही आहेत. विचारले तर म्हणतात, "पाठवून ठेवलं तर काय बिघडलं?" तोच प्रश्न, वेगळ्या तोंडून! काय बिघडते ते महाराष्ट्राने पाहिले आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आली आहे अशा फिरत्या संदेशांनी भयभीत झालेल्या जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना ठार मारले. त्या संदेशांतील प्रत्येक संदेश कोणीतरी "सावध केलेले बरे" म्हणूनच पुढे पाठवला असेल. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवण्यास मर्यादा घातली. ती घालावी लागली याचीच मला शरम वाटते.

आणि या खोट्या सूचनांच्या कोलाहलात खऱ्या सूचना ऐकू येत नाहीत, हे तर आणखी वाईट. मे 2000 मध्ये 'आय लव्ह यू' हा वर्म जगभर पसरला तो प्रेमपत्र वाटणाऱ्या एका जोडपत्राच्या रूपाने. त्या फाइलीच्या नावात 'टीएक्सटी' दिसे आणि खरे शेपूट, 'व्हीबीएस', विंडोज लपवून ठेवी. आज वाहतुकीच्या दंडाचे चलान किंवा लग्नाची पत्रिका म्हणून येणारी 'एपीके' फाइल तीच युक्ती करते, आणि एकदा ती फोनवर चढवली की बँकेचे ओटीपी तिसऱ्याच्या हाती जातात. म्हणून मी ओळखीच्या सर्वांना सांगते, की नावाच्या शेवटच्या टोकाकडे पाहा. पत्रिका हे चित्र असते किंवा पीडीएफ असते, तिला फोनवर 'इन्स्टॉल' व्हावे लागत नाही. ओळखीच्या माणसाकडून आली असली तरी त्याला साधा फोन करून विचारा, कारण पुष्कळदा त्याचा फोन आधीच परहस्ते गेलेला असतो. फोनच्या आणि संगणकाच्या दुरुस्त्या येतील तेव्हा चढवा, उद्यावर टाकू नका. फोटो आणि कागदपत्रे यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि ती डिस्क काम झाल्यावर यंत्रापासून सोडवून कपाटात ठेवा, कारण जोडलेली राहिली तर यंत्राला जे होईल ते तिलाही होईल. बँकेचा पासवर्ड आणखी कुठेही वापरू नका. हे सांगताना ऐकणाऱ्याचे लक्ष उडते, हे मला दिसते. मार्टिनेलीची बातमी मात्र सर्व जण कान टवकारून ऐकतात.

'डिजिटल अरेस्ट'चे फोन येऊ लागल्यापासून मला त्या ज्ञापनाच्या भाषेची वारंवार आठवण होते. गणवेशातला माणूस पडद्यावर येतो, कलमे सांगतो, घाई करतो, कोणाला सांगू नका म्हणतो, आणि आयुष्यभर हुकूम पाळण्यात घालवलेला निवृत्त मनुष्य तो ऐकतो. अशी अटक कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये सांगितले; फसवणूक झाल्यास 1930 या क्रमांकावर ताबडतोब कळवावे, जितके लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची आशा अधिक. माझे ठाम मत असे आहे, की आपल्या कचेऱ्यांनी आणि बँकांनी पत्रांतून "अन्यथा कार्यवाही करण्यात येईल" हे धमकीचे शब्द काढून टाकले पाहिजेत. जोवर खरे सरकारी पत्र भीती घालूनच बोलते, तोवर खोट्याला खऱ्याचा आवाज काढणे अवघड जाणार नाही. प्रत्येक सूचनेवर तारीख, अधिकाऱ्याचे नाव आणि चौकशीचा असा क्रमांक असावा, की जो नागरिकाला पासबुकावर किंवा कचेरीच्या पाटीवर स्वतंत्रपणे पडताळता येईल.

माझा भाचा पुण्यात याच क्षेत्रात काम करतो. त्याचे म्हणणे असे, की साठीनंतर माणसांच्या फोनवर बँकेचे ॲप ठेवूच नये. मावशी, तू फार थोड्यांपैकी एक आहेस, बाकीच्यांना हे झेपत नाही, असे तो म्हणतो. मला ते मान्य नाही. एकटी राहणारी बाई विजेचे बिल भरायला दर वेळी कोणाच्या तोंडाकडे पाहत बसेल? त्याऐवजी मी दोन खाती केली आहेत. फोनला जोडलेल्या खात्यात महिन्याच्या किराण्याला आणि औषधाला पुरेल एवढीच रक्कम असते; निवृत्तिवेतन येते त्या खात्याला मी यूपीआय जोडलेलेच नाही, आणि त्यातून पैसे काढायचे तर पासबुक घेऊन शाखेत जाते. भाचा म्हणतो, हे मागासलेपण आहे. बँकेतील मुलगीही मला दर खेपेला ॲप घेण्याचा आग्रह करते, आणि दर खेपेला मी तिला नको म्हणून सांगते.